सर्व्हरचं तापमान वाचताना कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात दोन मशीन आहेत. एक ब्रँडेड, दोन-यू (साधारण साडेतीन इंच) उंचीचा रॅक सर्व्हर. त्यावर टॅली आणि ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालतं. दुसरं असेंबल केलेलं, लिनक्सवरचं, बॅकअपसाठी. एप्रिल संपता संपता रॅक सर्व्हरचे पंखे ओरडायला लागले, म्हणून विचारणाऱ्यांनी दोन्ही मशीनची तापमानं काढून पाठवली. बॅकअपच्या मशीनवर एक सेन्सर १२७ अंश दाखवतो, एक उणे ६२, दोन तर जागचे हलतच नाहीत, प्रोसेसर ७१. रॅक सर्व्हरवर आत येणारी हवा ३३, बाहेर पडणारी ४९, पहिला प्रोसेसर ६४, दुसरा ७६, डिस्क ४६, वीज ३१० वॉट आणि पंखे जवळपास पूर्ण वेगात; सोबत सर्व्हरच्या आतला फोटो. भिंतीवरच्या एसीच्या डिस्प्लेवर मात्र २४. यातलं खरं काय मानायचं, घाबरायचं कशाला, अलार्म कुठे लावायचे, आणि रात्री एसी बंद ठेवला तर चालेल का?

१२७ पासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यांना घाबरवतो आणि त्यात बहुधा काहीच नसतं. मदरबोर्डवर तापमान, पंखे आणि व्होल्टेज मोजणारी एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा नुवोटॉनची किंवा आयटीईची. तिला तापमानाचे बरेच इनपुट असतात. बोर्ड बनवणारा त्यातले दोन-तीन जोडतो आणि बाकीचे मोकळे सोडतो. लिनक्सच्या ड्रायव्हरला कुठला जोडलाय आणि कुठला नाही हे कळत नाही, त्यामुळे तो सरसकट सगळे वाचतो. मोकळ्या पिनवर जे काही दिसेल ते चिप अंशात सांगून मोकळी होते. आठ बिटांत चिन्हासकट मावणारी सगळ्यांत मोठी संख्या १२७, म्हणून हाच आकडा इतक्या मशीनवर भेटतो. उणे ६२ सुद्धा त्यातलाच प्रकार. एप्रिलमध्ये अंबडला उणे ६२ म्हटल्यावर ते खोटं आहे हे कुणीही सांगेल. खरी पंचाईत होते ती अशी मोकळी पिन ४१ किंवा ८६ असं पटण्यासारखं काहीतरी दाखवते तेव्हा.

न हलणारे दोन, म्हणजे एसीपीआयच्या (बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती देणाऱ्या व्यवस्थेच्या) नावाखाली आलेले २७.८ आणि २९.८, हे तर सेन्सरच नाहीत. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये हे आकडे कायमचे लिहून ठेवलेले असतात. जानेवारीत बघा, मे महिन्यात बघा, तेच.

मग उरलेल्यांतला खरा कोणता? त्यासाठी नेटवर मॉडेल शोधत बसण्यापेक्षा दहा मिनिटं मशीन तापवून बघा. ऑफिस सुटल्यावर दोन टर्मिनल उघडा. एकात 'वॉच' ही कमांड लावून दर दोन सेकंदांनी तापमानं दाखवणाऱ्या 'सेन्सर्स' कमांडची यादी ताजी होऊ द्या. दुसऱ्यात 'स्ट्रेस-एनजी' हा मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या सगळ्या कोरवर दहा मिनिटांसाठी सोडा आणि पहिल्या टर्मिनलवर नजर ठेवा. कोरचे आकडे पहिल्या एक-दोन सेकंदांतच उडी मारतील. अर्ध्या-एक मिनिटात प्रोसेसरजवळच्या व्होल्टेज रेग्युलेटरचा सेन्सर असला तर तो चढायला लागेल. चिपसेट आणि डिस्क सावकाश, काही मिनिटांनी. लोड काढला की कोर झटकन उतरतात, बोर्ड रेंगाळत उतरतो. या सगळ्या धावपळीत जो आकडा ढिम्म राहिला किंवा कारण नसताना वीस अंश वर-खाली नाचला, त्यावर काट मारा. आणि नुसती मनात काट मारू नका. सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या इनपुटपुढे 'इग्नोर'ची ओळ घाला. नाहीतर तुमच्या जागी उद्या येणारा माणूस त्याच १२७ साठी रात्री अकराला फोन करेल.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट फुकटात कळते. लोड दिल्याबरोबर दोन सेकंदांत प्रोसेसर पस्तीस-चाळीस अंशांनी वर गेला आणि लोड काढताच तसाच धाडकन खाली आला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पात्यांपर्यंत, पोचतच नाहीये. दोघांच्या मधली थर्मल पेस्ट वाळलीय, किंवा हीटसिंकचा एखादा स्क्रू ढिला आहे. उलट आधी थोडीशी उडी आणि मग पाच-सात मिनिटं हळूहळू चढतच राहिला, तर हीटसिंक आपलं काम करतोय, त्याला हवा मिळत नाहीये. पहिल्याला पेस्ट बदलायची, दुसऱ्याला धूळ काढायची आणि पंखा बघायचा. एएमसीवाले (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेले) दोन्ही वेळा पेस्टच बदलतात, तो भाग वेगळा.

आता प्रोसेसरचे ७१. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर मुळात 'मी इतक्या अंशांवर आहे' असं सांगतच नाही. 'माझ्या कमाल मर्यादेपासून मी इतका खाली आहे' असं सांगतो. मर्यादा १०० आणि सेन्सर म्हणतो २९ खाली, तर ड्रायव्हर वजाबाकी करून तुम्हाला ७१ दाखवतो. म्हणून मी त्या ७१ कडे बघतच नाही, शेजारच्या मर्यादेपासून अंतर किती उरलंय ते बघतो. मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते. काहींवर ७१ ला भरपूर जागा असते, काहींवर नसते. तुमच्या यादीत त्याच ओळीत 'क्रिट', म्हणजे ही मर्यादा, १०० लिहिलंय, म्हणजे २९ अंश शिल्लक. पूर्ण लोडवर एवढं असेल तर उत्तमच. हे मशीन निवांत बसलेलं असताना ७१ असेल, तर मात्र उघडून बघायला हवं.

या पद्धतीचा एक परिणाम ध्यानात ठेवा. मर्यादेच्या जवळ हा सेन्सर भरवशाचा, मर्यादेपासून लांब गेला की ढिसाळ. थंडीत निफाड-सिन्नरकडे पहाटे एखादा कोर खोलीपेक्षाही थंड दिसतो. हवेवर गार होणारी चालू वस्तू हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे तो आकडा सोडून द्यायचा. पण त्यावरून सेन्सर बिघडला असंही म्हणायचं नाही. काही सर्व्हर बोर्ड तर ही वजाबाकी करतच नाहीत, सरळ 'मार्जिन उणे ३८' असं लिहितात. ते ऋण तापमान नव्हे, मर्यादेपर्यंत ३८ अंश बाकी आहेत असा त्याचा अर्थ. एएमडीवाल्यांनी आणखी वेगळा घोळ घातलाय. तिथला 'टीसीटीएल' हा पंख्याला हुकूम देण्यासाठीचा आकडा आहे, आणि सुरुवातीच्या काही रायझन आणि थ्रेडरिपर मॉडेलांत तो खऱ्या तापमानापेक्षा १० ते २७ अंश मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. शेजारी 'टीडाय', म्हणजे खरं तापमान, दिसत असेल तर तो धरा.

आता रॅक सर्व्हर. तुमचा खरा प्रश्न इथे आहे, आणि तो प्रोसेसरच्या आकड्यात दिसत नाही.

ब्रँडेड सर्व्हरमध्ये एक वेगळा छोटा कंट्रोलर दिवसरात्र तापमान बघून पंख्यांचा वेग ठरवत असतो. प्रोसेसर ठरावीक पट्ट्यात ठेवणं हेच त्याचं काम. त्यामुळे आत धूळ साठली, हवा अडली, खोली तापली, तरी प्रोसेसरचा आकडा महिनोन्महिने तोच राहतो. पंखे आधी मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर असतात, मग आठ, मग बारा. तापमानाचा आलेख सपाट आणि सगळे खूष. पंखे पूर्ण वेगाला पोचले की कंट्रोलरच्या हातात काही उरत नाही, आणि मग तापमान एकदम चढायला लागतं. तुम्ही आज त्या टोकावर उभे आहात. म्हणून नुसतं तापमान कुणी पाठवलं तर मी आधी तीन गोष्टी विचारतो: आत शिरणारी हवा किती, पंखे किती फेऱ्यांवर, आणि मशीन किती वॉट खातंय. यांच्याशिवाय ६४ आणि ७६ ला काही अर्थ नाही.

सुदैवाने तुम्ही तिन्ही पाठवलंत, त्यामुळे हिशेब करता येतो. हवा किती वाहतेय याचा अंदाज असा काढतात: वॉट गुणिले १.७६, भागिले आत-बाहेरच्या हवेतला फरक. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. तुमचे ३१० वॉट आणि १६ अंशांचा फरक घेतला तर साधारण ३४. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, हवा पाच-सहा टक्के विरळ, तेव्हा ३६ धरा. बाहेरच्या हवेचा सेन्सर बऱ्याचदा बोर्डावरच असतो आणि शेजारच्या गरम भागांनी थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे हा आकडा अंदाजपंचेच. पण अंदाजसुद्धा पुरेसा बोलका आहे. दोन-यू सर्व्हरचे सगळे पंखे पूर्ण वेगात असताना यापेक्षा कितीतरी जास्त हवा जायला हवी, आणि हवा जास्त गेली की फरक १६ राहत नाही, निम्म्यावर येतो. पंखे जीव तोडून फिरताहेत आणि हवा जात नाही, याचा अर्थ वाट कुठेतरी अडलीय.

कुठे, ते न बघताही बऱ्यापैकी सांगता येईल. रॅकला पुढे काचेचं दार आहे का? आपल्याकडे ऑफिसांत मिळणारे बरेचसे रॅक तसेच येतात, दिसायला छान. नेटवर्क स्विचसाठी ते ठीक आहे. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून फेकतो. काच लावली की तो बाजूच्या फटींतून, वरून, आणि शेवटी स्वतःच्याच मागची गरम हवा पुढे वळवून ओढायला लागतो. एसी २४ म्हणतोय आणि सर्व्हर ३३ म्हणतोय, त्याचं उत्तर हेच. दोघंही खरं बोलताहेत. एसी स्वतःच्या तोंडाशी वर भिंतीजवळची हवा मोजतो, सर्व्हर स्वतःच्या नाकाशी. खात्री करायची तर मेडिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा खोलीचा साधा डिजिटल थर्मामीटर सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर चिकटपट्टीने लावा आणि अर्ध्या तासाने बघा. तो ३३ च्या आसपास आला तर सेन्सर निर्दोष. मग काचेचं दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा, रॅकमधल्या मोकळ्या जागांना पुढून पट्ट्या लावा. पुठ्ठाही चालतो, नीट बसवला तर. रॅकची पाठ भिंतीला टेकलेली असेल तर हातभर पुढे ओढा.

दुसरी जागा म्हणजे आतली धूळ, आणि अंबड-सातपूरला ही नुसती धूळ नसते. सीएनसी मशीन चालतात तिथे कूलंटचं तेलकट धुकं हवेत असतं. ते हीटसिंकच्या पात्यांवर बसतं, त्यावर धूळ बसते, आणि नमद्यासारखा थर तयार होतो. ब्लोअर मारला की वरचं उडतं आणि खालचा थर आणखी घट्ट बसतो. सातपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर दर महिन्याला ब्लोअरने 'साफ' होत होता आणि दर महिन्याला थोडा जास्त तापत होता. हीटसिंक उतरवून उजेडासमोर धरला तर पात्यांच्या मधून पलीकडचं काही दिसत नव्हतं. असा थर मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच निघतो, हीटसिंक बाहेर काढून. आणि एकदा हीटसिंक काढलात की पेस्ट नवीन लावावीच लागते.

दोन प्रोसेसरमधला १२ अंशांचा फरक वेगळा तपासा. आत येणारे ३३ दोघांतूनही वजा करा. ३१ आणि ४३ उरतात. पहिलं बघायचं ते दोघांवर लोड सारखा आहे का. ईआरपीचा डेटाबेस एकाच प्रोसेसरवर जाऊन बसलेला असतो, तेव्हा हा फरक अगदी रास्त असतो. काही बोर्डांवर एक प्रोसेसर दुसऱ्याच्या मागे असतो आणि मागच्याला पुढच्याची गरम हवा मिळते, तिथेही फरक राहणारच. तुमच्या फोटोत मात्र दोघं शेजारीशेजारी दिसताहेत. लोड सारखा असून बारा अंश फरक राहत असेल तर मला पहिला संशय आतल्या काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाचा येतो. ते झाकण हवा दोन्ही हीटसिंकवरून जबरदस्तीने नेण्यासाठी असतं. रॅम वाढवायला आलेला माणूस ते काढतो, आणि परत बसवताना एक कोपरा खाचेत जात नाही किंवा एखादी केबल खाली अडकते. पंखे सगळे चालू, आवाज पूर्ण, आणि हवा झाकणाच्या वरून निघून जाते. मधे कुणी रॅम टाकली होती का, ते विचारा.

एक सावधगिरीची सूचना. हे सगळं केल्यावर आत येणारी हवा ३३ वरून २५ वर आली, तरी प्रोसेसर आठ अंशांनी उतरेलच असं नाही. कंट्रोलर आधी पंखे सावकाश करेल. आकडा साठीतच राहील, आवाज मात्र उतरेल. म्हणजे काम झालं. पंख्याच्या फेऱ्या आधी आणि नंतर लिहून ठेवा, फरक तिथे दिसेल.

डिस्कबद्दल थोडक्यात. फिरत्या डिस्कची कमाल मर्यादा बहुतेक मॉडेलांत ६० असते. तुमच्या ४६ ला मी हात लावणार नाही. डिस्क जितकी गार तितकी टिकाऊ, हा समज फार पक्का आहे, पण गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात असं सरळ नातं सापडलं नाही; खूप जास्त तापमानाला आणि जुन्या झालेल्या डिस्कमध्येच त्रास ठळक दिसला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' यादी देते, तिच्यातल्या १९४ क्रमांकाच्या ओळीत कधीकधी बारा आकडी संख्या दिसते. त्यात आत्ताचं, किमान आणि कमाल तापमान एकत्र कोंबलेलं असतं, डिस्क पेटलेली नसते. एनव्हीएमईवर (न फिरणाऱ्या, चिपवरच्या वेगवान डिस्कवर) 'कॉम्पोझिट' नावाचा आकडा धरा. 'सेन्सर २' बहुधा कंट्रोलर चिपचा असतो आणि तो पंधरावीस अंश जास्त असला तरी चालतं.

अलार्म कुठे लावायचे, हेही विचारलंय. ॲशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था सर्व्हरला शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ ची शिफारस करते, आणि साध्या ऑफिसी सर्व्हरच्या ए-२ वर्गासाठी १० ते ३५ पर्यंत चालवून घेते. ही ३५ ची मर्यादा ९०० मीटरच्या वर उतरायला लागते, नाशिक त्याच्या खाली आहे. तुमचा मुख्य अलार्म आत येणाऱ्या हवेवर लावा: ३० ला मेसेज, ३४ ला फोन. प्रोसेसरवर मर्यादेच्या १५ अंश आधी, तोही सलग पाच मिनिटं राहिला तरच, नाहीतर प्रत्येक बॅकअपला मोबाइल वाजेल आणि आठवड्यात तुम्ही तो म्यूट कराल. पंख्यांवर दोन्ही बाजूंनी लावा, फार कमी आणि सलग फार जास्त. आणि रीडिंग येणंच बंद झालं तर त्याचाही अलार्म हवा, हे बहुतेक जण विसरतात.

याशिवाय एक अलार्म चढण्याच्या वेगावर लावा. लाइट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो आणि एसी बंद पडतो. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या केबिनमध्ये साधारण ३२ किलो हवा असते. सर्व्हर, स्विच आणि यूपीएस मिळून ५०० वॉट धरले तर कागदावर मिनिटाला जवळपास एक अंश चढ येतो. भिंती आणि फर्निचर बरीच उष्णता शोषतात, म्हणून प्रत्यक्षात वेग कमी पडतो. पण मे महिन्यात पश्चिमेची भिंत आधीच तापलेली असते, ती काही फार मदत करत नाही. दहा मिनिटांत तीन अंश चढले की मेसेज यायला हवा. यूपीएस तासभर टिकतोय याचा आनंद मानण्याआधी त्या तासात केबिन कितीवर जाते, ते एका रविवारी एसी मुद्दाम बंद करून बघा.

आता रात्रीचा एसी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खुशाल बंद ठेवा, खिडकी किंवा झडप थोडी उघडी असली तर आणखी बरं. एप्रिल-मेमध्ये बाहेर रात्री गार झालं तरी बंद केबिन गार होत नाही. वर पत्रा किंवा उघडा स्लॅब असेल तर तो मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि नेमका त्याच वेळी तुमचा बॅकअप चालू होतो. एका भिंतीत वर एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या भिंतीत खाली जाळी-फिल्टरसह झडप करून घेतली, आणि आत येणारी हवा रात्रभर ३० च्या खाली राहिली, तर एसी बंद ठेवायला माझी हरकत नाही. झडप शॉप फ्लोअरच्या बाजूला करू नका, बाहेरच्या बाजूला करा. तेलाचं धुकं त्याच वाटेने आत येईल. पावसाळ्यात ही झडप बंद आणि एसी चालू. पंखे, वॉट आणि हवेचं तापमान दर पाच मिनिटांनी फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट आजच लावा, आणि काचेचं दार काढण्याआधीच्या एका पूर्ण रात्रीचं आणि नंतरच्या एका पूर्ण रात्रीचं रीडिंग पाठवा. दुसऱ्या प्रोसेसरचं झाकण उघडायचं की नाही, ते त्यावरून ठरवू.